सायलेन्सरवरचा डबा

पावसाळ्यात जुना ट्रॅक्टर लांबून ओळखायची खूण म्हणजे त्याच्या उभ्या सायलेन्सरवर पालथा घातलेला पत्र्याचा डबा. कधी रंगाचा, कधी डालड्याचा. काम एकच, पावसाचं पाणी नळीतून इंजिनात उतरू द्यायचं नाही. लोकांना त्यात गबाळेपणा दिसतो, मला तत्त्वज्ञान दिसतं. १९६३ साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि पुढे बी-२७५ आपल्याकडे तयार होऊ लागला. त्या घराण्यातले म्हातारे अजून पेरणीला जातात, तेव्हा मंडळी म्हणतात, "जुनं लोखंडच तसं!" लोखंडानेच सगळं टिकलं असतं तर भंगारवाले उपाशी मेले असते. जुना ट्रॅक्टर टिकतो, कारण तो कळतो.

तो आपलं दुखणं स्वतःच सांगतो. धूर काळा आला तर बहुधा एअर क्लीनर चोंदला. निळा आला तर रिंगा झिजून ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा सुटत राहिला तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. इतकं स्पष्ट तर रुसलेला जावईही बोलत नाही. टाकी कोरडी पडून पंपाने हवा धरली, तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे संपून डिझेलची सलग धार. की स्क्रू आवळला. बॅटरी उतरली तरी उतारावर सोडून गिअर टाकता येतो, कारण डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटतं. त्याला ठिणगीची भीक मागावी लागत नाही.

यावर आक्षेप येतो की तो डिझेल फार पितो. पितो, पण चालताना पितो. नव्याचा हप्ता उभ्या ट्रॅक्टरलाही लागतो. वर्षभर भाड्याने नांगरट करणाऱ्याने नवाच घ्यावा. चार एकरवाल्याने मात्र आधी गणित मांडावं. दुसरा आक्षेप असा की लायनर, पिस्टन, क्लचप्लेट सगळंच बदललं, मग जुनं उरलं काय? वारीतली माणसंही पिढ्यान्‌पिढ्या बदलतात, म्हणून दर आषाढीला कुणी नवी वारी सुरू झाली म्हणत नाही. ब्रेकच्या बाबतीत मात्र मी वकिली करणार नाही: झिजल्या ब्रेकवर उसाची ट्रॉली उताराला लावणं ही निष्ठा नव्हे, आत्मघात आहे. तिथे जुनेपणाचं कौतुक बंद आणि मेस्त्रीचं काम सुरू.

राहता राहिला विसरभोळेपणा. नव्या मोठ्या ट्रॅक्टरवर सेन्सर असतात. काही बिघडलं की दिवा लागतो, आणि दिवा का लागला हे विचारायला तालुक्याला फोन लागतो. जुन्यावर डबा काढायचा राहिला, तर सेल्फ मारताच तो खणखणत टपावरून कोंबड्यांत जाऊन पडतो. चूक कुणाची, कुठे आणि किती, हे अख्ख्या आळीला कळतं. आणि दुरुस्ती म्हणजे डबा उचलून आणणं.