कोमल पंचमाचा शोध

भातखंडे लिपीत मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब आणि कोमल स्वराखाली आडवी रेघ. हा पसारा संगणक किती सुबक आवरतो! वरच्या टिंबाचा अनुस्वार होतो, खालच्याचा नुक्ता. मंद्र गंधार थेट उर्दू गझलेत रुजू. टिंब छपाईत गळलेच, तर गायकाने सप्तक बदलावे. यावर ‘संगीत बिघडते’ असा आक्षेप येईल. पण चिंचवडच्या शॉपफ्लोअरवरही ड्रॉइंगबरहुकूम निघालेला जॉब पास होतोच. पुढे तो बसो न बसो. शिवाय शुद्धलेखन तपासणारी प्रणाली अनोळखी सरगमेखाली सरसकट लाल रेघ ओढते, त्यामुळे अचल मानलेले षड्ज-पंचमही कोमल होतात. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत एवढे पंडित जमूनही हे कुणाला साधले नव्हते.