भुट्टे खरे होते

विज्ञानपट पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या अंगावर परीक्षकाची झूल आपोआप चढते. कौटुंबिक सिनेमा पाहून आपण चोरून डोळे पुसतो आणि रिक्षा शोधतो. पण पडद्यावर अवकाशयान आलं, की जिना उतरता उतरता मनात दोन रकाने आखले जातात: देखाव्याला इतके गुण, गोष्टीला इतके. एखाद्या बैठकीतून उठताना गवयाच्या आवाजाला वेगळे आणि सुराला वेगळे गुण द्यावेत, तसलाच हा उद्योग. तरी आपण तो मोठ्या गांभीर्याने करतो आणि पार्किंगपर्यंत भांडतोही.

आमच्या घरात तर हे दोन रकाने दोन माणसांनी वाटून घेतले आहेत. भाचा अ‍ॅनिमेशन शिकतो. त्याला सिनेमा दिसतच नाही, सिनेमाची शिवण तेवढी दिसते. आत्या इंदूरच्या ‘सानंद’ या संस्थेच्या नाटकांवर पोसलेली, तिथे मुंबई-पुण्याचं नाटक आलं की तिची खुर्ची ठरलेली. तिचा प्रश्न आयुष्यभर एकच: ‘मग पुढे त्या माणसाचं काय झालं?’ फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रिस्टोफर नोलनचा ‘इंटरस्टेलर’ भारतातल्या थिएटरांत पुन्हा लागला, तेव्हा या दोघांच्या मधल्या खुर्चीवर मी बसलो होतो. दोन्ही कानांना दोन वेगळे सिनेमे ऐकू येत होते.

पिकं करपत चाललेल्या पृथ्वीवर आता मक्याचाच काय तो आधार उरला आहे, तिथून गोष्ट सुरू होते. आत्या सावरून बसली. मका हा माळव्यातल्या माणसाचा घरचा विषय. कोवळा भुट्टा किसून, तुपात परतून, दुधात शिजवून त्याचा कीस करण्यात जिची उमर गेली, तिला पडद्यावरचा मका कोण शिकवणार? कथानायक मुलांना घेऊन गाडीसकट त्या शेतात घुसला, तशी ती कळवळली, “अरे, उभ्या पिकातून गाडी घालतात का!” भाच्याने वाकून सांगितलं, की आजी, हे शेत कॉम्प्युटरवरचं नाही, नोलनने कॅनडात सुमारे पाचशे एकर मका खरोखरच लावला होता. “दिसतंय ना मला,” आत्या म्हणाली, “भुट्टे खरे आहेत.” आणि क्षणभराने, काळजीच्या सुरात, “पण नंतर ते कुणी खाल्ले का?” उरलेलं पीक विकलं आणि त्यात नफाही झाला, हे ऐकल्यावर नोलनबद्दल तिचं मत जे चांगलं झालं, ते शेवटपर्यंत टिकलं.

मग गार्गांतुआ हे कृष्णविवर उगवलं. काळ्याकुट्ट पोकळीभोवती वाकलेल्या उजेडाचं कडं. भाच्याचा आवाज गाभाऱ्यात उतरावा तसा खाली आला. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने समीकरणं दिली, ‘डबल निगेटिव्ह’च्या कलावंतांनी त्यांचं चित्र केलं, आणि त्यातल्या काही चौकटींना प्रत्येकी शंभर-शंभर तास लागले. सिनेमा २०१४ चा. थॉर्न यांना नोबेल मिळालं २०१७ मध्ये, गुरुत्वीय लहरींसाठी. “शंभर तास? एका चित्राला?” आत्याने हिशोब करून पाहिला आणि सोडून दिला. “दिसतं मात्र खग्रास ग्रहणासारखं.” तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण भाच्याचा चेहराही काही काळ तसाच दिसला.

त्या विवराजवळच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. थोडासा उशीर होतो आणि कथानायक यानात परततो तेव्हा घरी तेवीस वर्षं उलटलेली असतात. साठलेले निरोप तो एकामागून एक बघत बसतो. त्या प्रसंगात ना विवर, ना लाट; एक माणूस, एक छोटा पडदा, आणि त्यावर बापाच्या नजरेआड मोठी झालेली मुलं. आत्याचा मुलगा न्यू जर्सीत आहे. दर रविवारी फोनच्या काचेवर नातू दिसतो आणि दर रविवारी त्याचा आवाज थोडा अनोळखी झालेला असतो. मी बाजूला पाहिलं नाही. भाच्याने मात्र पहिल्यांदाच चौकटी मोजणं थांबवलं होतं.

मला दादासाहेब फाळके आठवले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, पण त्याच्याआधी त्यांनी मटाराचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्याची चिमुकली फिल्म केली. दिवसांमागून दिवस कुंडीत चाललेली वाढ मिनिटभरात डोळ्यांसमोर सरसरत वर गेली. सगळी करामतच, नायक नाही, संवाद नाही. तरी ती पाहून भांडवल उभं राहिलं. आता त्या रोपाला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे? बी रुजलं, वेल वर गेली, याहून जुनी गोष्ट तरी कुठली? पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी कृष्ण केला तो आपल्याच लेकीला, मंदाकिनीला. कालियाचं बनावटपण आज शाळकरी पोरही ओळखेल. सुरुवातीला बापाच्या कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव दाखवणाऱ्या त्या मुलीचा चेहरा मात्र शंभर वर्षांत जराही जुना झालेला नाही.

म्हणून मी माझे रकाने पुसून टाकले. करामतीचं काम अंतर उभं करण्याचं, आणि त्या अंतरापलीकडे कुणीतरी वाट पाहत बसवण्याचं काम गोष्टीचं. विवर इतकं अथांग नसतं तर बापलेकीतला दुरावा पटला नसता; आणि लेक नसती तर त्या विवराची चौकशी करायला फक्त भाचा उरला असता.

बाहेर आल्यावर त्याने आत्याला काळ कसा ताणला जातो ते समजावायला घेतलं. गुरुत्वाकर्षणापर्यंत पोचला असेल-नसेल, तिने हात वर केला. “ते कळलं रे. न्यू जर्सीलाही तसंच असतं.” मग त्याची कॉलर सारखी करत म्हणाली, “तू मुंबईला स्टुडिओत लागलास, की हवी तेवढी विवरं कर. एका चित्राला शंभर तास लागतात ना? तेवढ्यात घरी एक फोन होतो.”