निषेधखात्याचे अव्वल कारकून

सुनेला दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि थोरले अपत्य अद्याप कडेवरून उतरायला राजी नसले, म्हणजे त्या घरात एक नवे खाते आपोआप उघडते आणि कोणी नेमणूक केली नसताही एक वयोवृद्ध गृहस्थ त्याच्या प्रमुखपदी रुजू होतात. साताऱ्याच्या शनिवार पेठेतले आमचे तात्यासाहेब हा या जातीचा अस्सल नमुना. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालवून पेन्शनीत निघाल्यावर, फेरफार, पंचनामे आणि तगाईचे तक्ते यांच्या वियोगाने त्यांच्या चित्ताला जी एक रिक्तता आली होती, ती सूनबाईंच्या गर्भारपणाने पुरती भरून निघाली. आणि तिसऱ्या महिन्यापासून ‘पोराला उचलायचे नाही’ हा एकच हुकूम ते इतक्या वेळा आणि इतक्या भिन्नभिन्न स्वरांत जारी करू लागले की, नातवाला ‘आजोबा’ म्हणता येण्यापूर्वी ‘नाई’ हा शब्द स्वच्छ म्हणता येऊ लागला.

हुकुमाला आधार होते. नव्हते असे नाही. हात वर केले तर नाळेचा वेढा बसतो, खाली वाकले तर गर्भ दबतो आणि फार वेळ बसले तर बाळंतपण अडते, अशी तिहेरी कलमे त्यांनी आप्तवर्गातील वृद्ध स्त्रियांच्या जबान्यांवरून तयार केली होती. मात्र या तिन्ही कलमांचे एकसमयावच्छेदेकरून पालन करणाऱ्या स्त्रीने नेमके कोणत्या अवस्थेत असावे, याचा खुलासा त्यांत नव्हता. त्याहून मोठी उणीव अशी की, बारा किलोंच्या आसपास भरणारा तो नातू मोरीच्या उंबऱ्याशी भोकाड पसरून दोन्ही हात वर करी, तेव्हा त्याला उचलायचे कोणी, हा मुद्दा दप्तरी कोठेच दाखल नव्हता. “तात्या, मग तुम्ही घेता का जरा?” असे सूनबाईंनी विचारताच तात्यासाहेब गंभीर होत आणि म्हणत, “आत्ताच जेवलोय गं. पोटावर लाथ बसायची!”

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. त्याच घरी भांडी घासायला येणारी बाई त्या सुमारास सहा महिन्यांची गर्भार होती आणि भरलेल्या बादल्या अंगणातल्या नळापासून माडीवर नेत होती. पण खात्याची हद्द जिन्याच्या पहिल्या पायरीशी संपत असल्याने तिच्याबाबत एकही हुकूम निघाल्याचे ऐकिवात नाही.

अखेर प्रकरण स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंपुढे गेले. तात्यासाहेब स्वतः हजर राहिले, वहीसह. बाईंनी तपासून सांगितले की, रक्तस्राव नाही, वार खाली सरकलेली नाही, अकाली कळांचे लक्षण नाही. तेव्हा मुलाला घ्यायला हरकत नाही, फक्त रीत सांभाळावी. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाच्या द्रव्याने ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल होतात. पोट वाढेल तसा शरीराचा तोलही पुढे सरकतो, आणि म्हणून कमरेत वाकून उचलणारीची पाठ धरते. (हे द्रव्य फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली गिनिपिगांच्या अभ्यासातून प्रथम जगापुढे आणले, ही माहिती तात्यासाहेबांना मिळाली असती तर त्यांनी गिनिपिगांचीही जबानी मागवली असती.) शेवटच्या महिन्यांत उचलणे होईल तितके कमी करावे, पोटात दुखले, चक्कर आली किंवा अंगावरून गेले तर तत्काळ थांबून दवाखान्यात यावे, असेही बाईंनी बजावले.

दुसऱ्या दिवसापासून घरात जे सुरू झाले ते पाहण्यासारखे होते. सूनबाईंनी देवघराजवळचा जुना चौरंग भिंतीला टेकवून पक्का बसवला. पोरगा आधी गुडघा, मग ढुंगण, मग दुसरा गुडघा अशा क्रमाने त्यावर चढे आणि विजयी मुद्रेने उभा राही. त्या पावले फाकवून त्याच्या अगदी पुढ्यात जात, पाठ ताठ ठेवून गुडघे किंचित मोडत, त्याला छातीशी घट्ट लावत आणि श्वास सोडत मांड्यांच्या जोरावर सरळ होत. वळायचे झाले तर कंबर न पिळता पावलेच फिरवत. आज डावी कड, तर उद्या उजवी. बाकीच्या वेळी त्या भुईवर बसत आणि पोरगा आपण होऊन मांडीत शिरे, ज्यात उचलण्याचा प्रश्नच उरत नसे.

तात्यासाहेबांनी बाईंच्या अभिप्रायातली परवानगी वगळली आणि अटी तेवढ्या आपल्या नावे नोंदवून घेतल्या. आता ते चौरंगाशेजारी हात पाठीमागे बांधून उभे राहतात आणि “गुडघे मोड! अंगाशी धर! पावलं फिरव!” असे, जणू हे सारे आपल्याच कारकिर्दीतले नियम असावेत अशा आवाजात, बजावत असतात. परवा पोराने चौरंगावर चढून आईकडे न पाहता नेमके त्यांच्याकडेच हात पसरले. तेव्हा त्यांनी चष्मा पुसून भिंतीवरच्या कॅलेंडराकडे तोंड केले आणि संकष्टी आज की उद्या, याची चौकशी सुरू केली.