शेठ, कार्पेटखाली कृष्णामाई सापडली

मा. शेठ,
जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री, हायवेला लागून, पेट्रोल पंपाच्या शेजारी.



तुमचं नाव इथं लिहीत नाही. एक तर तुम्ही मला चहा पाजला होता, तोही वेलची घातलेला. आणि दुसरं म्हणजे तुमच्या पंगतीला इतके जण बसलेत की एकट्याचं नाव घेतलं तर बाकीच्यांना वाईट वाटायचं.

“डॉक्टरांची गाडी आहे, साहेब. सिंगल ओनर. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर.” बॉनेटवर प्रेमानं हात ठेवून तुम्ही म्हणाला होतात. महाराष्ट्रात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच असते. वाणी, वकील, मास्तर ही मंडळी बहुधा गाड्या विकत नाहीत, वर जाताना सोबत नेतात. असो. एमएच १०, म्हणजे सांगली. मॉडेल २०१७ चं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेनं आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ५७ फुटांच्या वर चढली, त्या आठवड्यात डॉक्टरसाहेब दवाखान्यात कशानं गेले असतील, हा प्रश्न मला हल्ली पडतो. गाडीनं नक्कीच नाही. गाडी जागेवर होती, पाणीच तिच्याकडे आलं.

हे मला कसं कळलं म्हणता? तुम्ही डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या अत्तराची बाटली चिकटवून दिली होतीत. उन्हाळाभर तिनं किल्ला लढवला. मृग बरसला आणि मोगरा पडला. गाडीचं दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा भपकारा. आईनं आधी माझ्या बुटांवर संशय घेतला, मग धूप फिरवला. बायकोनं सरळ विचारलं, “डिकीत काही मेलंय का?”

आता तुमच्या त्या भेटीबद्दल. “मॅटिंग आपल्याकडून फ्री!” बेज रंगाचं जाड रेक्झिन, खाली फोम, कडा दरवाज्याच्या पट्ट्यांखाली नीट खोचलेल्या. मी तुमचे आभारही मानले होते. कार्पेटला श्वास घ्यायला जी काही जागा असते, ती अशा मॅटिंगनं बंद होते. वरून पाणी आत जात नाही, हे खरं. पण आतली ओल बाहेरही पडत नाही. ती खाली जाते, थेट पत्र्यापर्यंत. तुम्ही गाडीला फरशी बसवली नव्हतीत, झाकण लावलं होतंत.

कुशनवाल्याकडे गेलो. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि उपाय सांगितला, “यावर अजून एक मॅटिंग मारून देतो.” मग म्हटलं, चौदाची गोटी आणि रॅचेट घरात आहे, आपणच उघडू.

सुरुवात बॅटरीपासून. मायनसचं टर्मिनल काढून जरा वेळ थांबायचं, कारण पिवळ्या कनेक्टरची वायर एअरबॅगची असते आणि तिच्याशी गंमत करायची नसते. मग पुढच्या सीटा. एकेका सीटला चार बोल्ट. ड्रायव्हरच्या सीटचे तीन निमूट आले, चौथा गंजून रुळाशी एकजीव झाला होता. तेल पाजून रात्रभर ठेवला तेव्हा कुठे हलला. मागची बैठक उचलली, दरवाज्यांच्या पट्ट्या, सीट बेल्टचे खालचे बोल्ट, गिअरभोवतीचा कन्सोल, सगळं सुटं करून पार्किंगमध्ये चादरीवर मांडलं. सोसायटीच्या चेअरमननी येऊन विचारलं, “भंगारात काढताय का?” तुमच्याच शाळेतले दिसतात.

आणि मग कार्पेट. शेठ, हे घरातल्या सतरंजीसारखं सपाट कापड नसतं. गरम करून साच्यात दाबलेलं, मधल्या उंचवट्याचा, पाय ठेवण्याच्या खळग्यांचा आकार घेतलेलं ते एकसंध प्रकरण असतं; पुढची कड एसीच्या डब्याखाली दाबलेली, मागची थेट मागच्या बैठकीखाली. वरचं तोंड तुम्ही शाम्पूनं धुतलं होतंत. शाबास. पण खाली बोटभर जाडीचा नमदा असतो, आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी. तो मिसळीत बुडवलेल्या पावासारखा झाला होता. उचलताना तुकड्या-तुकड्यानं हातात आला आणि त्याच्याखाली काळाभोर गाळ. रानातला, कृष्णाकाठचा, ज्यात ऊस पोसतो तो. शेजाऱ्यांची कुंडी त्यानं भरली, मिरचीचं रोप छान धरलंय.

गाळात उसाचं पाचट निघालं. गोगलगायींचे दोन शंख निघाले. आणि सीटच्या रुळात अडकलेली पॅरासिटामॉलची अर्धी स्ट्रिप. म्हणजे डॉक्टर खरे होते! तेवढं एक तुम्ही खरं बोललात, त्याची नोंद इथं जाहीरपणे करतो.

पत्र्यात तळाला रबरी बुचं असतात. ती नुसती ओढून काढली असतीत तरी निम्मं पाणी आपोआप निघून गेलं असतं. पण तुम्ही मोगरा आणायला गेला होतात.

इथवर मी हसत होतो. हँडब्रेकच्या पुढे कन्सोलखाली हात घातला तेव्हा हसू थांबलं. तिथं एक छोटी धातूची पेटी असते, मधल्या उंचवट्यावर घट्ट बसवलेली. गाडी धडकली हे ओळखून एअरबॅग उघडायचा हुकूम ती देते. तिच्यावर गाळाची रेघ होती आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. न विझला तर बिघाड. आपल्या गाडीत तो लागतच नव्हता. मीटर उघडून पाहिलं, तर त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी. नदीला चिकटपट्टी लावता येत नाही, शेठ. पेटी नदीनं बुडवली हे मी समजू शकतो. दिवा कुणी झाकला? त्या गाडीत माझी मुलगी बसते. ती पेटी नवी बसवून, स्कॅनर लावून तपासून घेतली. कार्पेटच्या कितीतरी पट पैसे तिथंच गेले. बिल जोडलेलं आहे. द्याल अशी आशा नाही, पण फ्रेम करून लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावा. २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, ते तिथं असेलच.

कायद्याचं म्हणाल तर तुम्ही निर्धास्त असा. आरसी बुकात मालक, इंजिन नंबर, चासी नंबर, बँकेचा बोजा, सगळे रकाने आहेत. “ही गाडी पुरात बुडाली होती” असा रकाना नाही. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते, डॉक्टरांना पैसे मिळतात आणि सांगाडा बोली लावणाऱ्याकडे जातो. तिथून पुढची कला तुमची.

पुढचं थोडक्यात. तारेच्या ब्रशनं गंज खरवडला. डाव्या बाजूला पत्र्याला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं, तिथं वेल्डरकडून ठिगळ. मग गंजरोधक, प्रायमर, रंग. अर्थिंगचे बोल्ट घासून चकचकीत केले. कार्पेट भंगारवाल्याकडून, त्याच मॉडेलच्या, मागून ठोकलेल्या गाडीचं आणलं. मीटरवर मिळणारं कापड त्या उंचवट्यावर कधी बसत नाही, सुरकुत्या पडतात. गच्चीवर धुऊन कडकडीत वाळवलं. उन्हात तापलं की ते मऊ पडतं आणि एसीच्या डब्याखाली मुकाट सरकतं. बोल्टांची भोकं तंतोतंत जुळली तेव्हा मला जो आनंद झाला, तो तुम्ही मला गाडी विकतानासुद्धा तुम्हाला झाला नसेल.

तुमच्या धंद्याच्या भल्यासाठी तीन गोष्टी सांगून ठेवतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि त्याचं तळाचं टोकही धूत चला. गिऱ्हाईक पट्टा फक्त छातीपर्यंत ओढतं हे ठीक, पण एखादा विक्षिप्त निघतो, आणि गुंडाळीतल्या त्या वीतभर पट्टीवर पुराची तारीख सोडून सगळं लिहिलेलं असतं. स्टेपनीच्या खळग्यातही एकदा बोट फिरवा. सीटखालच्या स्प्रिंगांना काळा रंग मारता, तो वाळू तरी द्या. माझ्या बोटांना लागला.

कळावे. लोभ तुमच्याकडे आहेच, त्यात वृद्धी नसावी.

आपला,
कृष्णाकाठचा गाळ उपसणारं एक गिऱ्हाईक

ता. क. : बिल द्यायला परवा स्वतःच आलो होतो. तुम्ही जेवायला गेला होतात. दारात एमएच ०८ पासिंगची पांढरी गाडी उभी होती, आत नवंकोरं बेज मॅटिंग, डॅशबोर्डवर मोगरा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी कुठवर चढली होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी पट्टा शेवटपर्यंत ओढला. टोकाला लाल माती. गाडी बघायला एक तरुण जोडपं आलं होतं, तुमचा पोरगा त्यांना डॉक्टरांविषयी सांगत होता. त्यांनाही पट्टा ओढून दाखवला, मॅटिंगची कड उचलून दाखवली आणि एअरबॅगचा दिवा लागतो का ते चावी फिरवून बघायला सांगितलं. टोकनचे पैसे मागायला ते येतील. देऊन टाका.