आलं तसं पुढे पाठवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,


परवा रात्री पावणेबाराला आपण सोसायटीच्या ग्रुपवर 'बारवी धरण फुटले, पालेगावकरांनो जीव वाचवा' असं कळवलंत, त्याबद्दल बी विंगतर्फे आभार. खाली 'आलं तसं पुढे पाठवलंय' ही ओळ होतीच. पोस्टमनसुद्धा पत्ता वाचतो हो!

बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी 72.60 मीटरला पोचलं की ते आपोआप उघडतात, म्हणजे ते उघडणं हे धरण धड असल्याचं लक्षण. पाणी पुढे जातं उल्हास नदीला. बदलापूरला तिची इशारा पातळी 16.50 मीटर, धोक्याची 17.50. आपल्या निरोपात मोजण्यासारखी फक्त उद्गारचिन्हं होती. चौदा.

खरं सांगणाऱ्यांचंही कौतुक करायला हवं. प्रशासनाचा खुलासा सकाळी साडेनऊला आला. कागदाचा तिरका फोटो, सुरुवात 'उपरोक्त विषयान्वये', सही वाचता येत नाही. आपण खोटं तरी वेळेवर सांगता!

आपली परंपरा मोठी आहे. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हा निरोप आधीच मोबाइलमधून गावोगाव पोचलेला. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. तो निरोपही कुणीतरी आला तसाच पुढे पाठवला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा जाहीर केली. आपण तेव्हापासून पाच-पाचच्या हप्त्यांनी पाठवता, हे मी पाहिलंय.

आमच्याकडे परवा रात्री कुणी मेलं नाही. तळमजल्यावरच्या आजींना दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर आणलं. लिफ्ट बंद होती, ती आपल्याच सूचनेवरून. बीपीच्या गोळ्यांचा डबा खालीच राहिला. गॅलरीतून काळोखात बघत आजी पहाटेपर्यंत विचारत राहिल्या, "पाणी आलं का रे?"

सकाळी सात वाजता मी चहा ठेवायला नळ सोडला. नुसती हवा फुसफुसली.

"आलं का रे?" आजींनी बाहेरून विचारलं.

आपली,
बी विंग, तिसरा मजला