दोन केट्या आणि जर्मनी

काय जमाना आलाय बघा! आमच्या रहाटणीत आता केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय, कुणी लपवत नाही. पूर्वी मुलाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला की आई लिफ्टमध्येसुद्धा मोबाइलमध्ये डोकं घालून उभी असायची. कुणी विचारलंच तर "पेपर रीचेकिंगला टाकलाय" म्हणून वेळ मारून न्यायची. आता तीच माउली कोकणे चौकात मेथीची जुडी उलटीपालटी करत बिनदिक्कत सांगते, "आमच्याच्या दोन केट्या होत्या, पण ग्राफ चढता आहे हो!"

ग्राफ म्हणे! इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं ढोलपथकात घालवली आणि शेवटच्या दोन वर्षांत अभ्यासाला बसला, याला ग्राफ म्हणतात.

या सगळ्यामागे खूळ आहे परदेशात जाऊन मास्टर्स करायचं. त्यातही अमेरिका जरा मागे पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पतात्यांनी नव्या एच-वन-बी वर्क व्हिसाच्या अर्जावर १ लाख डॉलरचा धोंडा ठेवला आणि आमच्या पार्किंगमधली चर्चा एका रात्रीत जर्मनीकडे वळली. "अरे, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज दोन्ही चाकणलाच आहेत की!" असं एका बापाने सुचवून पाहिलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, चाकणचा तळेगाव चौक ओलांडेपर्यंत म्युनिक येतं." बाप तिथेच रोज शिफ्टला जातो, त्यामुळे बोलायला तोंडच उरलं नाही.

खरी गंमत गणिताची. आपले गुण जर्मन पद्धतीत बसवायला बव्हेरियन फॉर्म्युला लावतात. दहातून सीजीपीए वजा करा, तिनाने गुणा, सहाने भागा, वर एक मिळवा. ज्यांनी लाप्लाससमोर हात टेकले होते ती पोरं हे झोपेत करतात. तिकडे १ म्हणजे सगळ्यात उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. हे आजीला कोण सांगणार? नातवाला २.६ पडले ऐकून तिने डोळ्याला पदर लावला.

आणि अर्जासोबतच्या त्या एसओपी, म्हणजे स्वतःबद्दलचे निबंध! प्रत्येकाने लहानपणी घरचा मिक्सर उघडून पाहिलेला. एवढे मिक्सर खरंच उघडले असते तर रहाटणीत चटणीला पाटा-वरवंटाच उरला असता. केटीचं कारण बहुतेक आजोबांचं आजारपण. ते आजोबा रोज सकाळी पिंपळे सौदागरच्या बागेत तरुणांना मागे टाकतात! आता मला विचाराल तर, "सुरुवातीला अभ्यास केला नाही, नंतर केला" एवढी एक ओळ आणि तिच्या मागे भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपात हात काळे करून बनवलेला प्रोजेक्ट, हे त्या आजोबांपेक्षा वजनदार. पण विचारतंय कोण? कन्सल्टंटच्या साच्यातून आजोबा आजारीच बाहेर पडतात.

शिफारसपत्राचं तर बोलूच नका. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." ज्या मुलाचं नाव सरांनी डिफॉल्टर लिस्टमध्ये लावलं होतं, तो स्वतःला वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांत बसवून आणतो. सही होते. वर चहाही होतो.

गुणपत्रिका तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या एपीएसपुढे मात्र ही मखलाशी चालत नाही. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मन स्टुडंट व्हिसासाठी ते प्रमाणपत्र सक्तीचं झालं. १८,००० रुपये भरा आणि दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका दाखवा. इतकी वर्षं जी गुणपत्रिका गादीखाली होती, ती आता फाइलीत लॅमिनेशन करून सगळ्यात वर.

वर ब्लॉक्ड अकाउंट. वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, आधीच भरून ठेवायचे. पैसे आपले, पण महिन्याला ९९२ युरोच हातात. बापाने मोजून दिले की कंजूष, जर्मनांनी मोजून दिले की शिस्त! तरी "जर्मनीत शिक्षण फुकट" म्हणणारे काका आहेतच. त्यांना कुणीतरी सांगा की म्युनिकच्या टीयूएमने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना फी लावलीय. बहुतेक मास्टर्सना सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो.

आता ताजी खबर. ए विंगमधल्या मुलाचा सीजीपीए ६.९८, म्हणजे जर्मन हिशेबात २.५१. बी विंगमधल्याचा बरोबर ७, म्हणजे २.५. आणि दोघांना हव्या असलेल्या कोर्सची अट काय, तर २.५! त्या एका शतांशावरून दोन विंगांत आठवडाभर अबोला. ए विंगच्या काकूंचं म्हणणं, भाजीवालासुद्धा एवढं सोडतो. मुलाने मात्र ती अट नसलेली दुसरी विद्यापीठं शोधून युनि-असिस्ट या अर्जांच्या पोर्टलवर अर्ज टाकलेत, पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. बी विंगमध्ये पेढे वाटून झाले. ॲडमिट अजून यायचंय.