सात सीटची गाडी आणि आत्याची मापं

सातपाटीत सात सीटची गाडी घ्यायची तर आधी आत्याला मोजून घ्यावं. मापं तीन: बसल्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी, अंबाड्यासकट डोक्याची उंची आणि मांडीवर हमखास असणाऱ्या स्टीलच्या डब्याचा घेर. शोरूमच्या पत्रकात टॉर्क, व्हीलबेस, टर्निंग रेडियस असं बरंच छापलेलं असतं. आत्याचा रकाना कुठल्याच कंपनीने ठेवलेला नाही, तो आपण पेनाने आखून घ्यायचा.

कारण गाडी पसंत करतो तो पुढे बसतो. हप्ते भरणाराही पुढेच. शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला खरेदीच्या वेळी कुणी विचारत नाही आणि गाडी दारात आल्यावर पुढची दहा वर्षं बोलतो तो मात्र तोच.

आता सात सीट म्हणजे किती, हे आधी समजून घेऊ. सात म्हणजे ड्रायव्हर धरून सात. हा हिशेब आमच्याकडे बऱ्याच जणांना पैसे भरल्यावर कळतो. ड्रायव्हर मी. मग बायको, दोन पोरं, भाऊ, आई, आत्या. झाले सात. बाबा एसटीने येतात.

आमच्या मासेमारीच्या गावच्या माणसाची पारख कमी आहे असं कुणी समजू नये. २०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, पण पापलेट ओळखायला आमच्या बायकांना शासन निर्णय लागत नाही. कल्ला उचलायचा, आत लाल आहे का बघायचं, पोटावर अंगठा दाबायचा, खळगा तसाच राहिला की मासा बाजूला. दहा सेकंदांत निकाल. तेच घर दहा-बारा लाखांच्या गाडीपुढे उभं राहिलं की टायरला लाथ मारतं, हॉर्न वाजवतं आणि विचारतं, "ही पांढऱ्यात आहे का?"

तर गाडीचाही कल्ला उचलावा. जुनी गाडी घेत असाल तर तिचा कल्ला म्हणजे दाराची खालची कडा. दार उघडायचं, खाली बसायचं आणि आतल्या बाजूने कडेवरून बोट फिरवायचं. रंगाखाली तांदळाएवढे फोड लागले की ती गाडी खाऱ्या वाऱ्यात राहिलेली आहे. वारा बाहेरून खातो, मासळीच्या क्रेटमधलं पाणी आतून खातं. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती मातीने बुजली की पत्रा कुणाला न सांगता सडतो. बॉनेट चकचकीतच असणार. बॉनेटवर कुणी मासळी ठेवत नाही.

मग नाक. सातपाटीतल्या जुन्या गाडीला मासळीचा वास असेल तर मालक प्रामाणिक आहे. मोगऱ्याचा वास आला तर मात्र पायपोस उचला, त्याखालचा गालिचा उचला आणि गालिच्याखालच्या जाड नमद्याला नाक लावा. बर्फाचं पाणी तिथे मुरतं आणि तीन मालक टिकतं. पुढची तपासणी कानाची. सीट मागेपुढे सरकवा. रुळात कर्र असा आवाज आला तर मोबाइलचा टॉर्च मारून बघा, दोन-चार मिशा दिसतील. तो सुका जवळा. पिशवी फाटलेली असते कुठल्यातरी लग्नाच्या सीझनला आणि जवळा रुळात बसतो तो कायमचा. हा दोष मेकॅनिक सांगत नाही, आरटीओच्या कुठल्याही कागदावर येत नाही. तो आपणच दाखवून पाच हजार कमी करून घ्यावेत.

वापी-वलसाडकडची जीजे-१५ पासिंगची गाडी स्वस्त पडते म्हणून आमच्याकडचे बरेच जण तिकडे धावतात. धावावं. फक्त त्या किमतीत महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवावा, तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आहे का ते बघावं, एमएच नंबर मिळेपर्यंतच्या रजा मोजाव्यात आणि मगच स्वस्त हा शब्द उच्चारावा.

नव्या गाडीत बघायची मुख्य गोष्ट डिकी. सेल्समन ती तिसरी रांग दुमडून दाखवतो. तेव्हा डिकी एवढी मोठी दिसते की अख्खं डोल जाळं मावेल. त्याला म्हणावं, बाबा, रांग उभी कर. रेनो ट्रायबरची डिकी सातही सीटा उभ्या असताना ८४ लिटरची राहते. म्हणजे पन्नास लिटरची बर्फाची पेटी आणि चपलांची पिशवी. मारुती अर्टिगाची २०९ लिटर, तिच्यात सुक्या बोंबलाचं बाचकंही जाईल. पण सीएनजी घेतलीत की टाकी डिकीतच येऊन बसते आणि बाचकं पुन्हा आत्याच्या मांडीवर. ट्रायबरची मागची सीट अलगद काढून घरी ठेवता येते, ही सोय चांगली. काढलेली सीट ओटीवर ठेवली की तिच्यावर आजोबा बसतात आणि मग ती परत मिळत नाही, हे पत्रकात नाही.

दोघींत सरकारनेही फरक केला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्यापुढच्या गाडीवर ४०. ट्रायबर आत बसते, अर्टिगा बाहेर. चार मीटरच्या पलीकडे आत्याचे गुडघे येतात, म्हणजे कर खरं तर गुडघ्यांवरच आहे.

जुनी माणसं म्हणतील, व्हॅनची सर कशालाच नाही. खरं आहे. १९८४ साली मारुतीची ७९६ सीसीची व्हॅन आली, पुढे तिला ओम्नी म्हणू लागले, २०१९ साली ती बंद झाली. तिच्यात सीटा कुणी मोजत नसे, माणसं मोजत, आणि तीही उतरल्यावर. तिची नात ईको २०१० सालापासून आहे. तिचं मागचं दार सरकतं. कोळीवाड्याच्या गल्लीत, जिथे एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला बोंबलाची वलांडी, तिथे सरकतं दार म्हणजे वरदान. साध्या दाराची गाडी अशा गल्लीत उभी केली की मधल्या रांगेतल्या माणसाने पोट आत घेऊन, देवाचं नाव घेऊन उतरावं लागतं. मात्र त्या दाराच्या खाचेत वाळू जाते. वाळू गेली की दार उघडायला दोन माणसं, लावायला तीन.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन बोईसर रोडचा सरळ तुकडा दाखवतो. तो नाकारावा. गाडी पालघरहून मनोरच्या बाजूला काढावी आणि वाघोबाच्या खिंडीत चढवावी. एकटं चढवू नये, सातही माणसं भरून, एसी चालू ठेवून. खिंडीत दुसरा गिअर टाकल्यावर गाडी काय म्हणते ते ऐकावं, कारण एकवीरेला जाताना खंडाळ्याला ती तेच मोठ्याने म्हणणार आहे. एसीची हवा शेवटच्या रांगेत पोचते का हे सेल्समनला विचारू नये, आत्याला विचारावं. आमच्या आत्याने पहिल्या गाडीतून उतरल्यावर एकच वाक्य सांगितलं: "ह्याच्यापेक्षा बोटीच्या खणात बरं, तिथे निदान बर्फ असतो."

एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून करा. शेवटच्या रांगेत स्वतः बसा, हात मागे न्या आणि आपलं डोकं व मागची काच यांत किती वीत जागा आहे ते चाचपा. पट्टा खांद्यावरून येतो का, की नुसता पोटावरून, तेही बघा. तिथे बहुतेक पोरंच बसणार आहेत.

गाडी ठेवणार कुठे, हाही प्रश्न सातपाटीत साधा नाही. नेमलेली जागा अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या पावसाळी उधाणाला जाऊन बघावी. बंधाऱ्यावरून पाणी आलं आणि जागेपर्यंत पोचलं, तर घरातल्यांसाठी सात सीटची गाडी घेऊन ती मेहुण्याकडे शिरगावला ठेवावी लागते. मग ती मेहुण्याची होते.

आणि पैसे. बँकेचा माणूस पाच वर्षांचे साठ हप्ते सांगतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणजे पाच वर्षांत दहा महिने असे, की बोट वर ओढलेली आणि हप्ता मात्र समुद्रात. हप्त्यांना मासेमारीबंदी लागू होत नाही, हे मी बँकेत विचारून आलो आहे. तेव्हा नारळी पौर्णिमेनंतर दर्या चांगला लागला तर दसऱ्याला गाडी, नाहीतर पुढचा दसरा.

आमच्याकडे गाडी दसऱ्यालाच आली. आत्याची मापं घेतली होती, खिंड चढवली होती, दाराच्या कडेवरून बोट फिरवलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आत्याचं तिच्याबद्दलचं मत छापता येणार नाही. तिसरी रांग पहिल्याच आठवड्यात दुमडली, तिथे बर्फाची पेटी बसली. आत्या पुढे बसते, डबा मांडीवर. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जायचं ठरलं तेव्हा घरची पंधरा माणसं निघाली, म्हणून पालघरहून सतरा सीटची गाडी भाड्याने केली. त्या वेळी बाबाही आमच्याबरोबर आले.